सगळे प्लॉट कोपऱ्याचे

आमच्या साहेबांना कुणी पत्ता विचारला की ते सांगायचे, "घंटाघरासमोर." हिंगोलीत तेव्हा घंटाघर नव्हतं. स्टेशनच्या अलीकडे एका ज्वारीच्या वावरात त्यांनी स्वतःच्या हातानं बाभळीची एक खुंटी ठोकली होती, तेच घंटाघर. त्या खुंटीला एक म्हातारी रोज आपली शेळी बांधायची. साहेब सकाळी फिरायला निघाले की शेळी सोडून द्यायचे, म्हातारी दुपारी पुन्हा बांधायची. त्या वावरात ज्वारी निघाली, हरभरा निघाला, पण घंटाघर काही उगवलं नाही. बाहेरगावच्या पत्रांवरसुद्धा तोच पत्ता असे. पोस्टमन जुना आणि शहाणा माणूस होता. तो पत्रं आणून माझ्या टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "घ्या, शेळीचं टपाल आलं."

निजामाच्या अमदानीतली शेवटची दहा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली नकाशे उतरवले. मी सेनगावकडच्या खेड्यातला, उर्दू मिडल पास, अक्षर बरं. हुद्दा ट्रेसरचा, म्हणजे साहेबांनी कागदावर पेन्सिलीनं जे काही रेघोटलं असेल ते पातळ मेणकापडावर शाईनं सुबक उतरवायचं. साहेब मला मुन्शी म्हणत. ते स्वतः साधे ओव्हरसियर होते. गाव त्यांना 'नक्शेवाले' म्हणायचं आणि त्यांना तो मान वाटायचा. लोक हसून म्हणतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही, कारण माणसाच्या तोंडाकडे पाहायची त्यांना सवय नव्हती. ते कायम जमिनीकडे पाहत.

रस्त्यानं चालताना ते पावलं मोजायचे, तेही मोठ्यानं. मध्येच कुणी रामराम घातला तर उत्तर नाही. मोजणी चुकली तर मात्र थांबायचे, रामराम घालणाऱ्याकडे डोळे वटारून बघायचे आणि निघाले तिथपर्यंत मागे जाऊन पुन्हा एकपासून सुरू. एकदा माझ्या चुलतभावाच्या लग्नात पंगत बसली होती. साहेबांनी खिशातून सुतळीचा गुंडा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि वाढलेल्या पत्रावळी काटकोनात करायला लावल्या. वरण वाहून दुसऱ्याच्या पत्रावळीत गेलं. नवरीचा बाप हात जोडून उभा. साहेब म्हणाले, "आता बघा, वाढप्याला सरळ रस्ता मिळाला." मयतीलाही त्यांची तीच तऱ्हा. प्रेत खांद्यावर असताना हे महाशय मागे राहून वाट मोजत होते. स्मशानात पोचल्यावर मयताच्या मुलाजवळ जाऊन काय बोलले असतील? "रस्ता अरुंद आहे. दोन मयती समोरासमोर आल्या तर पंचाईत होईल."

त्यांची दोन वाक्यं गावात प्रसिद्ध होती. पहिलं, "आणखी पाच वर्षं थांबा." हे ते पडीक जमिनीकडे बोट दाखवून म्हणायचे. दुसरं, "नकाशात नाही, ते नाही." हे ते समोर उभ्या असलेल्या वस्तूबद्दल म्हणायचे, मग ती विहीर असो, झाड असो की माणूस. कुणाच्या कामाला 'बरं झालंय' एवढंही त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी रात्रंदिवस डोळे फोडून नकाशा उतरवावा आणि त्यांनी भिंगातून पाहून एवढंच म्हणावं, "हूं." त्या हूंवर मी दहा वर्षं काढली.

आता खरं सांगायचं तर या माणसाला संधी मिळाली नसती तर तो निरुपद्रवी वेडा म्हणून खपून गेला असता. पण दुसरी मोठी लढाई सुरू झाली, कापसाला बरकत आली, जिनिंगची धुराडी वाढली आणि स्टेशनाजवळ दुकानाची जागा मिळावी म्हणून वाशीमपासूनचे व्यापारी हिंगोलीत खेटे घालू लागले. जुना बाजार अपुरा पडायला लागला. वरून हुकूम आला की स्टेशनाशेजारी नवा गंज, म्हणजे नवी बाजारपेठ, आखा. बस्स, माकडाच्या हाती कोलीत.

साहेब लाच खात नव्हते, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. मिठाईचा पुडासुद्धा परत पाठवायचे. त्यांना फक्त नकाशाची तारीफ लागायची, आणि व्यापारी काही दूधखुळे नव्हते. पहिला शेठ आला, नकाशासमोर पाच मिनिटं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मुंबईत असा गंज नाही." त्याला कोपऱ्याचा प्लॉट मिळाला. दोन्ही रस्त्यांना दार काढता येतं म्हणून कोपऱ्याची जागा सगळ्यांनाच हवी असते. दुसऱ्या दिवशी दुसरा शेठ येऊन म्हणाला, हैदराबादेत असा गंज नाही. तिसरा कलकत्त्यापर्यंत गेला. चार कोपरे संपले तरी शेठ लोकांची रांग संपेना, आणि तारीफ करणाऱ्याला नाही म्हणणं साहेबांच्या जिवावर यायचं.

मग त्यांनी काय युक्ती काढली असेल? दर दोन दुकानांनंतर एक बोळ काढला. बोळ आला की दोन्ही बाजूंना कोपरा आला. रुंद रस्ते कापून कापून त्यांचे बोळ केले आणि एक दिवस मला बोलावून म्हणाले, "मुन्शी, बघ. सगळे प्लॉट कोपऱ्याचे."

मी म्हणालो, "साहेब, या बोळात कापसाची गाडी वळायची कशी?"

"वळायची कशाला? आत जाईल, माल उतरवेल, मागे येईल."

"साहेब, बैल मागं चालत न्हाई."

"स्टेशनवर इंजिन मागे चालतं की नाही?"

एवढं बोलून साहेब थांबले नाहीत. माणूस हट्टाचा. त्यांनी कुणाचा तरी म्हातारा बैल आणून कचेरीच्या आवारात बांधला आणि चपराशाला रोज तासभर त्याच्या कपाळाला हात लावून मागे रेटायला सांगितलं. बैल दोन पावलं मागे सरायचा, चपराशाच्या पायावर पाय द्यायचा आणि खाली बसायचा. पंधरा दिवसांनी साहेबांनी वहीत लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.' चपराशी महिनाभर लंगडत होता.

गंजाला एकच दार ठेवलं होतं, मोठी दगडी कमान, कारण साहेबांनी कुठंतरी तशी पाहिली होती. ती कमान नेमकी आली लोहारमामाच्या जागेवर.

लोहारमामा माझे सख्खे मामा नव्हते. माझ्या आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. सेनगावची वाट जिथं स्टेशनच्या रस्त्याला मिळते तिथं लिंबाखाली त्यांचा भाता आणि छप्पर होतं. बाजाराला येणारी प्रत्येक गाडी आधी तिथं थांबायची. मामा बसल्या जागेवरून उठायचे आणि चाकाच्या लोखंडी धावेवर हातोडीचा एक ठोका द्यायचे. खणखणीत वाजलं की म्हणायचे, "जा." बद्द वाजलं की धाव ढिली, गाडी बाजूला घ्यायची. असा ठोका त्यांच्या आज्यापासून चालत आलेला. ठोका न घेता कुणी बाजारात गाडी घालत नव्हतं. कापूस भरलेली गाडी बाजाराच्या तोंडात मोडली तर अख्ख्या बाजाराचा खोळंबा होतो, हे या वाटेवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी साहेबांना सांगितलं, की इथं लोहार आहे. साहेबांनी जुना नकाशा काढला, भिंगानं पाहिला. "कुठाय?"

"नकाशात न्हाई साहेब, पण तिथं हाये. पिढ्यांपासून हाये."

"नकाशात नाही, ते नाही."

मामांकडे कसलाच कागद नव्हता. ते मला म्हणाले, "भाच्या, लिंबाच्या झाडाला कुनी कागुद मागते का? मी बी तसाच हाये हितं." लिंब तोडला आणि छप्परही मोडलं. नव्या नकाशाच्या त्या जागेवर मी माझ्या हातानं सुबक कमान उतरवली. मामांनी भाता उचलून पलीकडच्या विहिरीजवळ उघड्यावर मांडला, पण गाड्या आता तिकडून येत नव्हत्या. त्यांच्या घरात चार खाणारी तोंडं होती आणि ही एवढीच एक कमाईची जागा होती.

उद्घाटन ऐन हंगामात ठेवलं होतं. परभणीहून तालुकदार साहेब, म्हणजे निजामीतले कलेक्टर, मोटारीतून आले. मोटार कमानीतून थेट आत नेली. कमानीशेजारी मांडवात आमचा नकाशा चौकटीत घालून टांगला होता, आणि आमचे साहेब नवा कोट घालून त्याच्यापुढे असे उभे होते की जणू लग्न नकाशाचंच आहे. पहिल्या गाडीचा मान एका तांड्याच्या नाईकाला दिला होता. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, आणि वर कापूस असा भरलेला की दोन्ही बाजूंचे तट्टे फुगून बाहेर आलेले. साहेबांनी गाडीची रुंदी मोजली होती ती रिकाम्या गाडीची. नाईकाची गाडी दोन्हीकडच्या भिंती घासत बोळाच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. मागून दुसरी आली, तिसरी आली. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, वाजंत्री वाजत होती, ते येतच राहिले.

आतून नाईकाचा आवाज आला, "साहेब, आता कुठं जाऊ?"

साहेबांनी हात हलवला. "मागे घ्या."

"बैल मागं जात न्हाई, साहेब."

"जातो. मी चालवून पाहिलाय."

त्यांनी खरोखर माणसांना बैल मागे रेटायला लावलं. बैल बिथरले. कमानीखाली जी गाडी होती तिचं चाक कोपऱ्याच्या दगडावर आपटलं, धाव निसटून गडगडत मांडवात आली आणि गाडी कमानीतच एका कुशीवर बसली. आता आतलं बाहेर येईना, बाहेरचं आत जाईना. तालुकदार साहेबांची मोटार आत. कोपरे एवढे की मोटारीलाही कुठं सरकायला जागा नव्हती.

"लोहाराला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

मामा आले. सावकाश आले, हातात हातोडी होती. चाकाजवळ बसले, एकदा हात फिरवला आणि उठून उभे राहिले. आमचे साहेब घाम पुसत म्हणाले, "बघतोस काय? बसव धाव."

मामा म्हणाले, "मी नकाशात न्हाई, साहेब. मग मी हितं हाये कसा?"

तालुकदार साहेबांनी विचारलं, हा काय म्हणून राहिला. त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं. ते खो खो हसले आणि म्हणाले, "अरे भई, तो डाल दो इसको नक्शे में. मेरी गाडी निकालो पहले."

आमचे साहेब हलले नाहीत. म्हणून तालुकदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी दौत-लेखणी घेतली आणि भर मांडवात, एवढ्या लोकांसमोर, कमानीच्या डाव्या अंगाला एक छोटा चौकोन काढला, आत 'लोहार' लिहिलं. मामा जवळ आले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"हा मी?"

"व्हय मामा. हे तुमी."

त्यांनी काळ्या बोटानं चौकोनाला हळूच हात लावला. तिथं कोळशाचा ठसा उमटला. मग खाली बसले, ओलं गोणपाट आणि लाकडी पाचरी ठोकून धाव जागेवर बसवली आणि गाडी ओढून बाहेर काढून दिली. आयुष्यात एखाद्या रेघेचा मला अभिमान वाटला असेल तर त्या चौकोनाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. नकाशा टेबलावर पसरलेला. "मुन्शी, डाग पडलाय. काढ."

"साहेब, तो डाग न्हाई. तालुकदार साहेबांनी स्वतः..."

"तालुकदार बदलून जातात. नकाशा राहतो."

शाईची रेघ मेणकापडावरून पुसता येत नाही, ती खरवडावी लागते. वस्तऱ्याचं पातं आडवं धरायचं, श्वास रोखायचा आणि एकेक कण उडवायचा. मग अंगठ्याच्या नखानं ती जागा घासायची, म्हणजे कापडाला पुन्हा चकाकी येते. माझ्या बायकोला तेव्हा नववा महिना चालू होता, नोकरी जाऊन चालणार नव्हतं, हे मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. पण खोटं कशाला बोलू, बायको पोटुशी नसती तरी मी खरवडलंच असतं. साहेबांनी काम पाहिलं आणि म्हणाले, "हूं."

गंजाचं पुढं काय व्हायचं ते झालं. एकही गाडी पुन्हा आत गेली नाही. शेठ लोकांनी आपापल्या कोपऱ्यात कडबा भरला. साहेबांनी स्वतःला दोष दिला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी साहेबांना ओळखलं नाही. त्यांनी वर अहवाल पाठवला की या भागातले बैल अडाणी आहेत. तो अहवाल मीच उतरवला. आणि कडब्याकडे बोट दाखवून ते लोकांना सांगत, "आणखी पाच वर्षं थांबा."

मामा कनेरगावच्या नाक्यावर गेले. तिथं वऱ्हाडच्या हद्दीवर करोडगिरीसाठी, म्हणजे जकातीसाठी, गाड्या अडवायचे, त्यामुळं थांबलेल्या गाड्यांची धाव बसवायचं काम मिळायचं. जाताना मला म्हणाले, "जागेचा आता घोर न्हाई. नकाशात हाये मी." वर्षा-दोन वर्षांनी भेटायचे, तेव्हा पहिला प्रश्न तोच. "हाये ना रं मी, भाच्या?" मी म्हणायचो, "हाये मामा." ते नाक्यावर सगळ्यांना सांगायचे की हिंगोलीच्या सरकारी नकाशात आपली जागा आहे, म्हातारपणी तिथंच जाऊन बसायचं. म्हणूनच त्यांनी नाक्यावर धड छप्परसुद्धा घातलं नाही. उघड्यावरच दिवस काढले.

मग ते रझाकारांचं वाईट वर्ष आलं. हद्द बंद पडली, इकडच्या गाड्या तिकडे जाईनात. नाक्यावर मामांच्या हातोडीला काम उरलं नाही. निजामी गेली, नवे अंमलदार आले. आमच्या कचेरीत एक तरुण साहेब बाहेरच्या प्रांतातून आला. त्यानं दवंडी दिली की गंजाची जमीन नव्यानं वाटायची आहे, जुन्या नकाशात ज्याची जागा असेल त्याला ती कायम होईल. आमचे साहेब तोवर निवृत्तीला आलेले, पण नकाशा समजावून सांगायला त्यांनाच बसवलं होतं.

मामा आले ते धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून. बाहेर गाडीत त्यांचा भाता, ऐरण, बायको, सगळा संसार भरलेला. नाका सोडून कायमचेच आले होते. त्यांनी नव्या साहेबाला रामराम घातला आणि म्हणाले, "नकाशा काढा साहेब. मी त्याच्यात हाये."

आमच्या साहेबांनी नकाशा उलगडला. मामांनी कमान बरोबर ओळखली आणि तिच्या डाव्या अंगाला बोट ठेवलं. बोटाखाली कोरं कापड होतं. त्यांनी बोट जरा खाली नेलं, जरा वर नेलं.

"नकाशात नाही, ते नाही," आमचे साहेब म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "भाच्या, तू काढलं व्हतं ना?"

नवा साहेब मला म्हणाला, "काढलं होतं का तुम्ही?"

"काढलं होतं, साहेब." मी म्हणालो. "मग खरवडलं. मीच."

मला वाटलं, आता तरी या नक्शेवाल्याला थोडी लाज वाटेल, हा सांगेल की मीच खरवडायला लावलं. आमचे साहेब उठले. त्यांनी नकाशा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा पुसला, त्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"वा," ते म्हणाले. "कापड कुठं विरलेलं नाही, शाई फुटलेली नाही. सांगितल्याशिवाय कळायचंसुद्धा नाही. मुन्शी, हात बसला तुझा."

नवा साहेब कसनुसा हसला. म्हणाला की कागदावर जे आहे त्याच्यापुढं त्याला जाता येणार नाही. मामांनी फेटा नीट केला. दाराशी जाऊन वळले आणि मला म्हणाले, "चांगलं काम केलंस म्हनून राहिले तुझे साहेब." त्यात टोमणा नव्हता. ते खरंच मला निरोप सांगितल्यासारखं सांगून बाहेर गेले. थोड्या वेळानं त्यांची गाडी निघाल्याचा आवाज आला, आणि एका चाकाची धाव ढिली होती.

आमच्या साहेबांना मी जन्मभर हसत आलो, आजही हसतो. पण दहा वर्षांत त्यांनी मला दिलेली ती एकच शाबासकी, आणि मामा अजून समोर उभे होते तेव्हा ती ऐकून मला बरं वाटलं होतं.